दुधाचे महिने

“मग त्या चादरी काय आपोआप घडी झाल्या?” आईने विचारलं.

पेन्शन ऑफिसात काचेपलीकडच्या मॅडमनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत स्क्रीनकडे. दोघींपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे त्यांचं ठरत नसावं.

“मावशी, चादरींचं मला माहीत नाही. इथे तुम्ही रजेवर आहात. आधी बाळंतपणाची रजा आणि तिला लागून बिनपगारी रजा. जवळजवळ दोन वर्षं.”

“बिनपगारी? मग आम्ही खाल्लं काय, वारा?”

“तेवढ्या काळात तुमच्या नावावर पेन्शनचा एकही हप्ता जमा नाही. तुमच्या पगारातून कापलेला नाही आणि हॉस्पिटलनेही आपला वाटा भरलेला नाही.”

“अहो, पण मी कामावर होते!”

हे आई इतक्या मोठ्याने म्हणाली की आमच्या मागे रांगेत उभा असलेला रखवालदार मान लांब करून बघायला लागला. एरवी माझी आई आवाज चढवणारी नाही. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिचं आयुष्य गेलं, आणि तिथे मशीनच्या घरघरीत ओरडून काही उपयोग नसतो. बायका एकमेकींशी खुणांनीच बोलतात. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. आज फक्त एक सही करायची होती. सही झाली की मी तिला बाहेर काहीतरी चांगलंचुंगलं खायला घालणार होते आणि तिला ते महाग वाटणार होतं, एवढा आमचा बेत होता. मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजूंनी भांडायची मला सवय आहे. मी पुढे सरसावले.

“मॅडम, चूक तुमच्याकडची असेल. जरा नीट बघा.”

“नीटच बघतेय, ताई. आमच्याकडे जे आलंय तेच मी सांगतेय.” त्या चिडल्या नाहीत, हे माझ्या भांडणाच्या दृष्टीने फार वाईट झालं. “ही दोन वर्षं धरली नाहीत तर पूर्ण पेन्शनला लागणारी वर्षं भरत नाहीत. मग एकतर अर्ध्या पेन्शनवर समाधान मानायचं, नाहीतर मुदतवाढ घेऊन अजून दोन वर्षं काम करायचं.”

आईने आपले दोन्ही हात काउंटरवरून खाली घेतले. तिच्या मनगटांची पार वाट लागली होती. ओल्या चादरी मशीनमधून ओढून काढायच्या, झटकायच्या, गरम रोलरमध्ये सरकवायच्या, हे रोजचंच काम. अंगठ्याच्या मुळाशी तिला आता असं काही दुखायचं की घरात बरणीचं झाकण उघडायला ती माझी वाट बघत बसायची आणि मी आले की म्हणायची, “अगं, ही बरणी जरा बघ, बिघडलीय.” डॉक्टरांनी ओलं वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. पण ओलं वजन उचलायचं नसेल तर लाँड्रीत उभं राहून करायचं काय? शेवटचे काही महिने तिने दातांवर दात ठेवून काढले होते ते महिनाअखेरीकडे बघत.

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

“कुठली गं ही दोन वर्षं?” मी विचारलं.

“तू झालीस ना, तेव्हाची.”

त्या दोन वर्षांत मी काय करत होते, ते मला ऐकून ऐकून पाठ आहे. मी रडत होते. बाटली दिसली की तोंड फिरवायचं, चमचा दिसला की थुंकायचं, आणि आई दिसली की गप्प व्हायचं, असा माझा खाक्या होता. वजन वाढत नव्हतं, छातीत सारखा कफ. शेजारच्या आजींनी तर हे मूल हाताला लागायचं नाही असं आईच्या तोंडावर सांगितलं होतं. आजी गेल्या, मी आहे.

“मग तू मला कोणाकडे टाकून कामावर जायचीस?”

“टाकून कशाला जाऊ? सकाळी आजींकडे ठेवायचे आणि दुपारी घरी पळत यायचे. मुकादम सोडायचे ना.”

मुकादमांचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ही भानगड मला कोणी सांगितली नव्हती. लाँड्रीच्या दारात हजेरीचं घड्याळ होतं. येताना आणि जाताना त्यात आपलं कार्ड घालायचं, घड्याळ त्यावर वेळ छापणार. शिफ्ट संपायच्या आधी कोणी बाहेर पडली तर तिची वेळ लाल शाईत उमटायची, आणि लाल शाई वाढली की नोकरीवर गदा. तान्ह्या बाळाची आई आठ तास तळघरात कशी राहील याचं उत्तर घड्याळाकडे नव्हतं. मुकादमांनी आपल्या परीने ते काढलं. बाळंतपणाची रजा संपवून बाई आली की तिचं कार्ड घड्याळापर्यंत जाऊच द्यायचं नाही. ते मुकादमांच्या टेबलाच्या खणात राहायचं. बाईने भल्या पहाटे, शिफ्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधी यायचं, आपला गठ्ठा संपवायचा आणि दुपारी बाळाकडे पळायचं. वरच्या ऑफिसच्या दृष्टीने ती अजून रजेवरच असायची. तिच्या जागी बदली कामगार लावलाय असं मुकादम कळवायचे आणि त्या न आलेल्या बदलीचा पगार आणून तिच्याच हातात द्यायचे. बाळ वरचं खायला लागलं की कार्ड खणातून बाहेर. लाँड्रीतल्या बायका याला दुधाचे महिने म्हणायच्या.

“बाकीच्यांचे चार-सहा महिने व्हायचे,” आई म्हणाली. “तुझं काही केल्या संपेना. मुकादम रोज विचारायचे, काय घाईबाई, खाल्लं का तिने? मी म्हणायचे, थुंकली.”

घाईबाई हे आईचं लाँड्रीतलं नाव. दुपार झाली की ती पदर खोचून पळत सुटायची, त्यावरून पडलेलं. तिथे कोणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. घरघरीत लांबलचक नाव ऐकू जातंय कुठे?

“म्हणजे पेन्शन माझ्या पोटात गेली म्हण की.”

“दूध गेलं. पेन्शनचा काय संबंध?” आई म्हणाली. मग तिने विचारलं, “बदलीच्या पगारातून पेन्शन कापत नाहीत का गं?”

नसतात कापत. आम्ही परत आत गेलो, तेव्हा मॅडमनी हेच सांगितलं. आईने सगळं सांगितलं तसं त्यांनी काचेची खिडकी पूर्ण सरकवली आणि आवाज खाली आणला. बदलीच्या पगारातून काही कापलं जात नव्हतं, म्हणून तर हातात पडणारी रक्कम जवळजवळ पहिल्याइतकीच होती आणि कोणाला शंका आली नव्हती.

“हे दुरुस्त होऊ शकतं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही तेव्हा खरंच कामावर होता असं त्या वेळच्या मुकादमांनी लेखी द्यायला हवं. तुमच्याबरोबर काम केलेल्या दोघींच्या सह्या लागतील. मुकादम आहेत ना?”

“आहेत. थकलेत.”

“मावशी, एक गोष्ट आधीच सांगते, नंतर मला बोल लावू नका. त्यांनी दुसऱ्याच्या नावावर पगार काढला हे त्यात येणारच. मग त्यांची चौकशी लागेल. ती संपेपर्यंत त्यांची स्वतःची पेन्शन थांबवतात. आणि आपल्याकडच्या चौकश्या तुम्हाला माहीत आहेत.”

आईने क्षणाचाही विचार केला नाही. “मुदतवाढीचा अर्ज कुठे मिळतो?”

घरी येईपर्यंत मी तोंड आवरलं नाही. मनगटांचं काय, डॉक्टरांचं काय, सगळं विचारून झालं. एवढी वर्षं राबून शेवटी भीक मागितल्यासारखी दोन वर्षं मागून घ्यायची, असंही मी बोलून गेले, जे बोलायला नको होतं. आई बसच्या खिडकीबाहेर बघत होती.

“मनगटं माझी आहेत,” एवढंच ती म्हणाली. “ज्या माणसाने तुला जगवलं, त्याच्या तोंडचा घास मी काढून घेऊ?”

ज्या मुलीला जगवलं, तिनेच उलटं कसं बोलायचं? मला आईचा राग आला आणि त्याहून जास्त त्या भल्या मुकादमांचा. भल्या माणसांवर रागावता येत नाही, हा त्यांचा फार मोठा दोष आहे.

अर्ज भरून टेबलावर पडला होता आणि सही तेवढी राहिली होती, त्या संध्याकाळी लांबी आली. लांबी म्हणजे आईची लाँड्रीतली मैत्रीण. वाळत घालायच्या वरच्या दोरीला तिचाच हात पोचायचा. तिला निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. आईला निरोपाच्या समारंभात काय घालणार हे विचारायला ती आली होती. आमच्या तोंडांवरून तिने ओळखलं की इथे समारंभाचं वातावरण नाही. आईने तिला सांगितलं. ऐकता ऐकता लांबीने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“तुझीपण?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझीपण कमीच आलीय की. पोराच्या वेळचे महिने नाहीत, म्हणून एक वर्ष भरत नाही म्हणाले. काही महिने कमी पडले तर अख्खं वर्षच धरत नाहीत ते. मी म्हटलं, असेल बाई. पगार तो केवढा, पेन्शन ती केवढी असणार. सही केली न् आले.”

लांबी एका शाळेत फरशी पुसायला जाते, हे मला माहीत होतं. घरी बसून कंटाळा येतो म्हणून जाते, असं ती सगळ्यांना सांगायची.

मग आईने एकेकीचं नाव घेतलं. वाफ? तिचीपण दोन्ही पोरं मुकादमांच्याच काळातली, लांबी म्हणाली. जुळ्यांची आई? तिची तर झालीच असणार. आई बोटांवर मोजत गेली आणि बोटं पुरेनात तेव्हा थांबली. अर्ज तिने उचलला, त्याची घडी घातली आणि तो डब्याखाली सरकवला.

“मला वाटलं माझं एकटीचं आहे,” ती म्हणाली. “उद्या मुकादमांकडे जायचं. तूही चल.”

मुकादमांचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. दारात आम्ही तिघी चपला काढेपर्यंत आतून कडक आवाज आला, “लाल शाई लागली बघ! किती उशीर!” मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते अजूनही सगळं ओरडूनच बोलायचे. हात थरथरत होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना उशी लावून बसवलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“ही कोण? थांब, सांगू नकोस. बाटलीला लाथ मारणारी!”

मी हो म्हटलं. एवढ्या वर्षांत माझी अशी ओळख कोणी करून दिली नव्हती.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. लांबीचा मुलगा काय करतो, वाफेच्या धाकट्याचं लग्न झालं का, जुळ्यांमधला तो अशक्त होता तो आता कसा आहे. एकाही बाईचं खरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि एकही मूल ते विसरले नव्हते. आई हो-नाही करत राहिली. मग ती उन्हाळ्याबद्दल बोलली. मग सायकलींबद्दल. मी तिला कोपराने ढोसलं, तर ती गुडघेदुखीवर घसरली.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, “घाईबाई, तू काम असल्याशिवाय एवढा वेळ टेकणारी नव्हेस. काय झालं?”

आईने सांगितलं. तिने मोठ्याने सांगितलं, कारण हळू सांगायची सोय नव्हती. दुकानातला सायकलवालाही ठोकाठोकी थांबवून ऐकत असावा. सगळं ऐकल्यावर मुकादम म्हणाले, “पण पगार मी दिला. एका दिवसाचा पगार कोणाचा बुडू दिला नाही. विचार लांबीला.”

“दिलात, मुकादम. कोण नाही म्हणतंय? पण पेन्शनचा हप्ता कार्डावर जायचा. आणि कार्ड खणात होतं.”

त्यांना समजायला वेळ लागला. समजतंय हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते बघवत नव्हतं.

“लांबीचंपण?”

“हो.”

“वाफेचं?”

“हो.”

“मैनेचं?”

आई लांबीकडे बघायला लागली. मैना वारली होती. घरघरीत कोणाला ऐकू जात नाही म्हणून मैना दिवसभर गाणी म्हणायची, असं आई सांगायची. मला ती आठवते ती काउंटरवरची. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट ती कधी पूर्ण नेत नसे. “अर्धंच दे गं, एक दिवसाआड घेते,” म्हणायची, आणि एक दिवसाआड घ्यायच्या गोळ्या नाहीत या, हे मी तिला दर वेळी सांगायचे. ती मान डोलवायची आणि अर्धं पाकीट घेऊन जायची.

“मैना गेली, मुकादम,” लांबीने सांगितलं.

मुकादम आपल्या हातांकडे बघत राहिले. “मला वाटायचं, जन्मात एक काम तरी बरं केलं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते हळू बोलले.

“बरंच केलंत,” वहिनी म्हणाल्या. मग त्या आमच्याकडे वळल्या. “मीपण ह्याच लाँड्रीत होते, तुम्ही यायच्या आधी. तेव्हा मुकादम दुसरा होता. माझं कार्ड त्याने घड्याळात घालायला लावलं. मी रोलरवर उभी, अंगावरचं पोलकं दुधाने भिजलेलं आणि मूल घरी पावडरच्या दुधावर. काही महिनेच जगलं ते. हे मुकादम झाले त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, आता माझ्या हातात आहे. काय हातात आहे ते मी विचारलं नाही.”

वहिनींनी फडताळातून कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“तू लिही. ह्यांचा हात कापतो.”

“आधी ऐकून घ्या,” आई घाईघाईने म्हणाली. “मुकादम, तुमची चौकशी होईल. पेन्शन थांबेल तुमची. किती दिवस ते कोणी सांगत नाही. आत्ता नाही म्हणालात तर मी उठून जाईन आणि मनात काही ठेवणार नाही.”

मुकादमांनी वहिनींकडे पाहिलं. चाळीसेक वर्षांच्या संसारात असं किती वेळा पाहिलं असेल कोणास ठाऊक.

“बघते मी,” वहिनी म्हणाल्या. “हातपाय धड आहेत माझे. तुम्ही सांगा, ती लिहील.”

मग मुकादमांनी मजकूर सांगितला, आणि मी लिहिला. सुरुवात त्यांनी “मी पूर्ण शुद्धीवर असून” अशी केली, तेव्हा वहिनींनी त्याबद्दल शंका व्यक्त केली. पुढे एकेक बाई आली. मी खरं नाव विचारायचे आणि ते मूल सांगायचे. लांबी आणि आई दोघी मिळून नावं आठवत होत्या, वरच्या ऑफिसात काय लावलं होतं ते एकमेकींना विचारत होत्या. मैनेपाशी आलो आणि तिघंही अडले. खरं नाव कोणालाच येईना.

“लिही मैना,” मुकादम म्हणाले. ते सही करत होते तेव्हा आईने कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

सुनावणी लागली ती नेमकी आईच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी. वरच्या मजल्यावर लांब टेबलाची एक खोली आहे. लाँड्रीतली एकही बाई त्या मजल्यावर आधी कधी गेली नव्हती. आज सगळ्या आल्या होत्या. लांबी, वाफ, जुळ्यांची आई काठी टेकत, आणखीही काही जणी. मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि वहिनी त्यांच्या कोपराला धरून. मॅडमनी मधल्या दिवसांत फारच खटपट केली होती. बायकांकडून जुनी ओळखपत्रं मागवून त्यावरच्या नंबरांनी त्यांनी एकेकीची रजा शोधून काढली होती. प्रत्येकीचं तेच. बाळंतपणाची रजा, तिला चिकटून बिनपगारी रजा, आणि त्याच दिवसांत लाँड्रीत एक बदली कामगार, ज्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

चौकशी अधिकारी वयाने मुकादमांच्या मुलासारखे, चष्मा सारखा वर सारणारे. वाईट माणूस नव्हता, पण माझ्याकडे दिवसभर येणाऱ्या गिऱ्हाइकांसारखी त्यांना पुढे जायची घाई होती.

“तुम्ही नियम मोडला हे मान्य आहे?”

“मान्य.”

“वरिष्ठांना कळवलं होतं?”

“कळवलं असतं तर मोडता आला असता का?”

वाफ हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

“खेद वाटतो का, तसं लिहायचं असतं इथे.”

“कार्ड खणात ठेवलं त्याचा वाटतो. पेन्शनचं माझ्या ध्यानातच आलं नाही, त्याचा फार वाटतो.” मुकादमांनी कागदाकडे बोट केलं. “पोरींना घरी सोडलं त्याचा वाटत नाही. तेही लिहा.”

अधिकाऱ्यांनी ते लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. त्यांनी निर्णय वाचून दाखवला. बायकांची वर्षं धरली जाणार. हॉस्पिटल आपला वाटा भरणार, बायकांचा वाटा हळूहळू वळता होणार. मुकादमांची पेन्शन पुढच्या महिन्यापासून चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगित. मुकादमांनी ऐकू आल्याची मान हलवली. वहिनींनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली, जी नीटच होती.

मॅडमनी आईच्या हातात तिचा कागद ठेवला. आईने तो माझ्याकडे देऊन वाचून घेतला, मग स्वतः वाचला, मग परत मला दिला. वर्षं भरली होती. उद्यापासून तिला ओल्या चादरीला हात लावायचा नव्हता. माझा दंड तिने असा दाबला की मनगटं कमजोर झालीत यावर माझा विश्वास बसेना.

सगळ्या उठल्या. अधिकाऱ्यांनी फाईल बंद केली. मुकादम मात्र बसूनच राहिले.

“मैना राहिली,” ते म्हणाले.

“त्यांचा नंबर नाही, नाव नाही,” अधिकारी म्हणाले. “आणि त्या हयात नाहीत. वारसाने रीतसर अर्ज करावा.”

“तिची मुलगी आहे. कुठे दिली ते ठाऊक नाही. तिला हे कोण सांगणार? अर्ज करायचा असतो हे तिला कुठून कळणार?”

“आजोबा, मी बिननावाच्या माणसाची फाईल कशी उघडू?”

“नाव शोधा. मी बसतो.”

“जेवणाची वेळ झालीय.”

“तुम्ही जेवून या, साहेब. मला काही घाई नाही,” मुकादम म्हणाले, आणि काठी दोन पायांमध्ये धरून त्यांनी पाठ टेकली.

आई दारापर्यंत पोचली होती. तिचा कागद माझ्या पिशवीत सुरक्षित होता, खाली लाँड्रीत तिच्यासाठी समारंभ मांडला होता आणि तो झाला की ती सुटणार होती. ती वळली. टेबलाजवळ आली आणि मुकादमांच्या शेजारची खुर्ची ओढून तिने बसकण मारली. मग लांबी बसली. मग वाफ. जुळ्यांच्या आईला बसायला वेळ लागला, पण तीही बसली. अधिकाऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पर्स परत खाली ठेवली आणि आपली खुर्ची पुढे घेतली.

“मैनाबाईंना मुलगी कुठल्या साली झाली?” त्यांनी विचारलं. “साल कळलं तर त्या वर्षीच्या रजा काढून बघता येतील.”

साल कोणालाच सांगता येईना. पण आपल्या धाकट्याच्या आधी झाली, एवढं वाफेला नक्की आठवत होतं. “नाही, मागून झाली,” लांबी म्हणाली, “मैनेच्या डोहाळजेवणाला मी तुझ्या धाकट्याला कडेवर घेऊन गेले होते.” मोठा रोलर बदलला त्या वर्षी मैनेचं पोट पुढे होतं आणि तिला वाकता येत नव्हतं, असं आईचं म्हणणं पडलं. तिघी एकमेकींवर ओरडायला लागल्या आणि जोडीला तळघरातल्यासारखे हातवारे. मॅडम भराभरा टिपून घेत होत्या.

दारात लाँड्रीतली एक नवी मुलगी येऊन उभी राहिली. ती धापा टाकत होती.

“काकू, चला ना. सगळे थांबलेत खाली. मोठे साहेबपण आलेत तुमच्यासाठी. भाषण सुरू करायचंय म्हणतात.”

“त्यांना बसायला सांग,” आई म्हणाली. “आमच्यातली एक अजून यायचीय.”